वजनकाट्याला न दिसणारी चरबी

2004 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, तंतोतंत सारखा होता: 22.3. कोणताही तक्ता काढला तरी दोघेही प्रमाणशीर बांध्याचे. प्रत्यक्ष चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या शरीरात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. एवढ्या एका चित्राने जगभरच्या डॉक्टरांना दाखवून दिले की वजनकाटा भारतीय माणसाबद्दल पुरते खरे सांगत नाही. लठ्ठपणाबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक त्या काट्यापाशीच सुरू होते आणि 'तोंडावर ताबा ठेवा' या सल्ल्यापाशी संपते. दोन्ही टोके चुकीची आहेत. भारतीय शरीर कमी वजनातही चरबी साठवते, आणि ती किती साठणार हे ताटावर बसण्याच्या बरेच आधी ठरत आलेले असते: आईच्या गर्भात, रेशनच्या दुकानात, शेतात कोणते पीक घेतले जाते त्यात, आणि नाक्यावरच्या दुकानात काय हाताशी आहे त्यात.

गर्भापासून सुरुवात करायला हवी, कारण याज्ञिकांचे त्याआधीपासूनचे काम तिथलेच आहे. 1993 मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमधल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला आणि जन्मलेल्या मुलांची मापे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. पुण्याकडची बाळे सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान असणार, असेच कोणालाही वाटेल. पण स्नायू आणि पोटातले अवयव लहान असताना खांद्याच्या हाडाखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी भरली नाही. वजनाने कमी आणि अंगी चरबी, अशा या 'बारीक पण चरबीयुक्त' बाळांना पुढे मोठेपणी पोटभर खायला मिळते आणि अंगमेहनत सुटते, तेव्हा त्यांचे शरीर मधुमेहाकडे फार लवकर झुकते. याच मुलांचा सहाव्या वर्षी पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. म्हणजे ज्या कुपोषणाला आपण लठ्ठपणाच्या अगदी विरुद्ध टोकाला ठेवतो, तेच त्याच्या मुळाशीही असते.

चरबी ही मुळात शत्रू नाही. कातडीखाली साठणारी चरबी उपासमारीसाठी राखून ठेवलेली शिदोरी असते आणि बऱ्याच अंशी निरुपद्रवी असते. त्रास देते ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात शिरलेली चरबी. कातडीखालची जागा अपुरी पडली की उरलेली ऊर्जा तिथे जाते, आणि भारतीयांत ती जागा लवकर भरते असे दिसते. यकृतात चरबी मुरली की ते इन्शुलिनचे ऐकेनासे होते, रक्तात साखर सोडत राहते, स्वादुपिंडाला दुप्पट राबावे लागते आणि काही वर्षांनी ते थकते. याच वाटेने रक्तातली ट्रायग्लिसराइड वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या कडक होतात. म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा खाली आणली गेली आहे. जगात बीएमआय 25 ला वजन जास्त आणि 30 ला लठ्ठपणा मानतात. भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये हे आकडे 23 आणि 25 ठरवले आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटीमीटर, स्त्रियांना 80 सेंटीमीटर अशी घातली. शिंप्याची टेप घरोघरी असते. ती बेंबीच्या रेषेत पोटाभोवती धरून पाहिली तर बऱ्याचदा महागड्या तपासणीआधीच इशारा मिळतो.

हा इशारा किती जणांना लागू आहे? 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष बीएमआयच्या 25 या रेषेवर किंवा वर आढळले. गोव्यात हे प्रमाण स्त्रियांमध्ये एक तृतीयांशाच्याही पुढे आहे. पण त्याच पाहणीत कंबर आणि नितंब यांचे गुणोत्तर मोजले, तेव्हा निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि जवळपास निम्मे पुरुष धोक्याच्या पट्ट्यात निघाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानेही हेच दाखवले: सर्वसाधारण लठ्ठपणा 28.6 टक्के, पोटाचा लठ्ठपणा 39.5 टक्के. मधुमेही 10 कोटींच्या पुढे, त्याच्या उंबरठ्यावर आणखी 13 कोटींहून अधिक. राज्यांमध्ये गोवा सर्वांत वर होता, तिथे 26.4 टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असा माणूस आपल्याकडे कोणाला लठ्ठ वाटत नाही. त्याला स्वतःलाही वाटत नाही, म्हणून तो साखर तपासून घेत नाही, आणि बऱ्याचदा पहिली बातमी हृदयविकाराच्या झटक्यानेच कळते.

परिणामांची यादी हृदय आणि मधुमेह इथे थांबत नाही. गुडघ्यांचे उदाहरण फार बोलके आहे. अमेरिकेत गुडघेदुखीच्या वयस्क रुग्णांवर झालेल्या मोजणीत वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो असे दिसले. झोपेत श्वास अडकून रात्रभर मेंदूला प्राणवायू अपुरा पडणे, तरुण मुलींमध्ये पाळी अनियमित होणे, गरोदरपणातला मधुमेह, दारूचा थेंबही न घेणाऱ्याच्या यकृताला सूज, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये जाहीर केल्याप्रमाणे आतडे, गर्भाशय, रजोनिवृत्तीनंतरचे स्तन यांच्यासह 13 प्रकारचे कर्करोग, या सगळ्यांशी अतिरिक्त चरबीचा संबंध आहे. दिलासा एवढाच की यातले पुष्कळसे परतवता येते. ब्रिटनमध्ये 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वजन उतरवणाऱ्या टाइप-2 मधुमेहींपैकी 46 टक्के रुग्णांची साखर वर्षभरात औषधाशिवाय आटोक्यात आली. ज्यांनी 15 किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरवले त्यांच्यात तर 86 टक्क्यांची. चेन्नईतही 2006 मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेल्या अभ्यासात आहार आणि चालणे बदलल्याने पुढे मधुमेह होण्याचा धोका चौथ्या हिश्शाहून अधिक घटला. थोडे वजन उतरले तरी फायदा मोठा होतो, हे निर्विवाद आहे.

मग माणसे वजन उतरवत का नाहीत? इथे नेहमीचे उत्तर येते: आळस, जिभेचे चोचले, मनाचा कमकुवतपणा. हे उत्तर पुराव्यापुढे टिकत नाही. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका गाजलेल्या दूरदर्शन स्पर्धेतल्या 14 जणांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. जिद्द त्यांच्यापेक्षा जास्त कोणाकडे असणार! बहुतेकांचे वजन पुन्हा चढले होते, आणि त्यांचे शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होते. वजन उतरले की शरीर त्याला दुष्काळ समजते, भूक वाढवते आणि खर्च कमी करते. दुसरा प्रयोग त्याहून महत्त्वाचा. केव्हिन हॉल या संशोधकाने 2019 मध्ये 20 जणांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले, अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचे साधे अन्न दिले. पुढ्यात मांडलेल्या साखर, चरबी, तंतू आणि प्रथिनांचे प्रमाण दोन्हींत सारखे ठेवले होते. हवे तेवढे खायची मुभा होती. पाकिटातल्या अन्नावर तीच माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात राहिली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढली. साध्या अन्नावर तितकीच उतरली. माणसे तीच, निश्चय तोच, फक्त पुढ्यातले अन्न बदलले होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. त्याच बाजारात, त्याच पगारात, त्याच घरातला एक भाऊ सडपातळ राहतो आणि दुसरा सुटतो, मग दोष बाजाराचा कसा? दोन भावांमधला फरक बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो आणि थोडाफार सवयींचा. तो नाकारण्याचे कारण नाही. पण प्रश्न दोन भावांमधल्या फरकाचा नाही, सगळ्या पिढीच्या सरासरीचा आहे. आधीच्या कुटुंब पाहणीपासून या पाहणीपर्यंत, म्हणजे पाचेक वर्षांत, जास्त वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण 20.6 वरून 24 टक्क्यांवर गेले आणि पुरुषांचे 19 वरून 23 च्या घरात. एवढ्या काळात कोणाची जनुके बदलत नाहीत, आणि कोट्यवधी लोकांची इच्छाशक्ती एकाच वेळी ढिली पडली असेही मानता येत नाही. बदलली ती भोवतालची परिस्थिती. पूर्वजही तूप, गूळ आणि पुरणपोळी खात होते, हे खरे. पण पुरणपोळी वर्षातून मोजक्या सणांना होत असे आणि उरलेले दिवस औत, पाणी, दळण, मैलोगणती चालणे यांत जात. आज भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल आरोग्याला पुरेल एवढीही होत नाही. तरीही व्यायामावर सगळी भिस्त ठेवता येणार नाही. तासभर भरभर चालून जेवढी ऊर्जा खर्च होते, तेवढी साधारण एका वडापावात भरून येते. चालणे हृदयासाठी, सांध्यांसाठी, झोपेसाठी हवेच. पण ताट न बदलता केवळ चालून पोट उतरवणे फार थोड्यांना जमते.

महाराष्ट्रात ताटाबद्दलची चर्चा कमी झाली असे नाही. काही वर्षांपूर्वी घराघरांत, रेल्वेच्या डब्यांत, लग्नाच्या पंगतीत 'दीक्षित की दिवेकर' हा वाद रंगला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांच्या आत जेवा म्हणत, तर ऋजुता दिवेकर थोडे थोडे, वेळेवर आणि आपल्या मातीतले खा म्हणत. दोन्हींमुळे अनेकांनी पहिल्यांदाच आपल्या खाण्याकडे लक्ष देऊन पाहिले, हे श्रेय मोठे आहे. पण त्या सगळ्या वादात गृहीत धरलेले कुटुंब असे होते की ज्याला काय आणि कधी खायचे हे ठरवता येते. एका मोठ्या समाजाला तो पर्यायच नसतो. त्यामुळे वाद किती वेळा खावे याभोवती फिरला, आणि ताटात येणारे धान्य, डाळ, तेल तिथे का येते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो हिशेब मांडून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत 2,000 कॅलरींच्या दिवसासाठी धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, डाळी, अंडी किंवा मांस-मासे 85 ग्रॅम, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया 35 ग्रॅम, दूध 300 मिलिलिटर आणि तेल 27 ग्रॅम सांगितले आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला हे 30 किलो धान्य, 48 किलो भाजी, 12 किलो फळे, 10 किलो डाळ आणि 36 लिटर दूध होते. रेशनवर माणशी पाच किलो, म्हणजे चौघांना 20 किलो तांदूळ-गहू मोफत मिळतो. धान्याची दोन तृतीयांश गरज भागली. बाकी सगळे बाजारातून. भाजी 40 रुपये किलो आणि डाळ 100 रुपये किलो असा हात राखून भाव धरला तरी या दोहोंचेच महिन्याला 3,000 रुपयांच्या आसपास होतात. दूध, फळे, शेंगदाणे, तेल धरून आकडा साडेपाच हजारांच्या पुढे जातो. 2022-23 मध्ये ग्रामीण भारतातला माणशी सरासरी मासिक खर्च 3,773 रुपये होता आणि त्यातला निम्म्याहून कमी, म्हणजे चौघांच्या घरात सुमारे 7,000 रुपये, खाण्यावर जात होता. ही सरासरी झाली. सरासरीच्या खालच्या घरात हे ताट बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानेही 2022 साली निम्म्याहून अधिक भारतीयांना सकस आहार परवडत नव्हता असेच म्हटले आहे. न परवडणारी डाळ आणि भाजी कशाने भरून निघते? आणखी भाताने, आणखी पोळीने, पातळ आमटीने आणि बटाट्याने. आयुर्विज्ञान परिषदेच्या 2025 च्या अभ्यासानुसार भारतीय माणूस 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो, आणि त्याच अभ्यासाचा अंदाज असा की एकूण ऊर्जेतला फक्त 5 टक्के हिस्सा कर्बोदकांऐवजी डाळ किंवा दुधाच्या प्रथिनांतून आला तरी मधुमेहाचा धोका कमी होईल.

महाराष्ट्राचे ताट नेहमी असेच नव्हते. राज्य स्थापन झाले तेव्हा इथे 60 लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर ज्वारी होती. आज त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी जमिनीवर उरली आहे. सोलापूर-मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी शहरात आवडीने आणि महाग घेतली जाते, पण जिथे ती पिकत होती तिथल्याच शिवारात ऊस आणि सोयाबीन वाढले आणि तिथल्याच रेशन दुकानात तांदूळ-गहू येऊ लागले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्यांचा उल्लेख आहे. पण सरकारी खरेदी जिकडे, तिकडेच दुकानातले पोते. तेलाचेही तसेच. 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि आज देशाच्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. हॉटेल, फरसाण, बिस्किटे सगळे धरून माणशी वर्षाला सुमारे 19 किलो तेल वापरले जाते. पोषण संस्थेचा 27 ग्रॅमांचा हिशेब वर्षाला दहा किलोंच्या आतच बसतो. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. लठ्ठपणा हा सर्वोच्च पातळीवर बोलण्याचा विषय झाला हे चांगलेच झाले. पण फोडणीतले तेल कमी करणे गृहिणीच्या हाती आहे. वेफर्स, नानकटाई आणि खारीतले तेल कमी करणे तिच्या हाती नाही.

गृहिणीचा उल्लेख आला आहे तर तिच्या वेळेबद्दल बोललेच पाहिजे, कारण आहाराच्या सल्ल्यांत हा खर्च कोणी धरत नाही. मोड आणा, पालेभाजी निवडा, भाकरी करा, रोज ताजे शिजवा. प्रत्येक सल्ला योग्य आहे आणि प्रत्येक सल्ला कोणाच्या तरी अंगावर पडतो. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला 299 मिनिटे घालवतात आणि पुरुष 97 मिनिटे, असे आढळले. बदलापूरहून सकाळची लोकल पकडून नोकरीला जाणारी बाई रात्री आठला परतते, तेव्हा मेथी निवडण्यापेक्षा दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स तिला जवळच्या वाटतात. तो तिच्या दिवसाचा हिशेब आहे, त्याला कमकुवतपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. घरातल्या पुरुषांनी पोळ्या लाटल्या तर या राज्यातल्या आहारात जेवढा फरक पडेल तेवढा अनेक मोहिमांनी पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वयंपाकघराबाहेरही वाट आहे: महिला बचत गटांची पोळीभाजी केंद्रे आणि कामाच्या ठिकाणचा सकस, स्वस्त डबा यांना सार्वजनिक पैसा मिळायला हवा.

दुसरीकडे पाकिटांचा उद्योग हा वेळेचाच व्यापार करतो, आणि फार कुशलतेने. 2011 ते 2021 या दशकात भारतात अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांची किरकोळ विक्री मूल्याने दरवर्षी 13 टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. पाच-दहा रुपयांची पुडी खेड्यातल्या शेवटच्या दुकानात लटकते. तिथे केळी मिळतीलच अशी खात्री नसते. ग्रामीण आणि शहरी, दोन्ही घरांच्या एकूण खर्चात पेये आणि तयार पदार्थांचा वाटा आता जवळपास दहावा आहे, धान्यावरच्या खर्चाच्या जवळपास दुप्पट किंवा अधिक. पुडीच्या पाठीवर पोषणाचा तक्ता असतो, पण तो मुंगीच्या अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत. चिलीने 2016 मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला, मुलांना उद्देशून केलेल्या जाहिराती रोखल्या आणि शाळांत अशी विक्री बंद केली. पहिल्या दीड वर्षात अशा गोड पेयांची खरेदी जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटली. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये इशाऱ्याऐवजी ताऱ्यांची योजना पुढे केली. इशारा पाहून ग्राहक थबकतो. दोन तारे पाहून त्याला वाटते की यात काहीतरी चांगलेच असेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने नियम ठरवण्यासाठी मुदत घालून दिली. मराठीत, ठळक अक्षरांत 'साखर जास्त' एवढे दोन शब्द पुडीवर आले तर निरक्षर आजीला नातू ते वाचून दाखवू शकेल.

इशाऱ्याखेरीज दुसरा उपाय कराचा. त्यावरचा आक्षेप असा की गोड पेयांवर कर लावला की गरिबाच्या खिशाला चाट बसते. मेक्सिकोने 2014 मध्ये लिटरमागे एक पेसो कर लावला तेव्हाही हीच ओरड झाली. तिथे करपात्र पेयांची विक्री दोन वर्षांत सरासरी साडेसात टक्क्यांनी घटली, आणि गरीब घरांमध्ये ती सर्वांत जास्त घटली. मधुमेहाच्या औषधांचा आणि डायलिसिसचा खर्चही गरिबालाच सर्वाधिक बोचतो, तेव्हा या कराचा फायदाही त्यालाच आधी मिळतो. मात्र कराचा पैसा डाळ, दूध, भाजी स्वस्त करण्याकडे वळला नाही तर आक्षेप खरा ठरेल. आपल्याकडे सप्टेंबर 2025 पासून गोड शीतपेयांवर 40 टक्के कर आहे, हे बरोबर. त्याच वेळी बिस्किटे, फरसाण, चॉकलेट आणि इन्स्टंट नूडल्सवरचा कर मात्र 5 टक्क्यांवर आणला गेला. किमतीची भाषा लोकांना सल्ल्याच्या भाषेपेक्षा लवकर कळते, आणि इथे ती सल्ल्याच्या उलट बोलते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या देशात अजून 18.7 टक्के स्त्रिया कृश आहेत आणि 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तिथे लठ्ठपणाची चिंता हे शहरी चोचले नाहीत का? भूक आणि लठ्ठपणा वेगवेगळ्या घरांत राहिले असते तर हा प्रश्न योग्य होता. पण ते एकाच चाळीत, एकाच घरात, कधी एकाच शरीरात राहतात: पोट सुटलेले आणि हिमोग्लोबिन नऊ. दोघांचे कारण एकच, निकृष्ट ताट. पोत्याने धान्य देऊन पोट भरता येते, पण त्याने ना रक्त वाढते ना घेर घटतो. म्हणून रेशनवर डाळ, ज्वारी-बाजरी आणि शेंगदाणे देणे हा दोन्ही रोगांवरचा एकच उपाय आहे, आणि त्याला दोन वेगळी खाती लागत नाहीत.

2025 पासून भारतात भूक कमी करणारी नवी इंजेक्शने मिळू लागली आहेत. त्यांतल्या सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात वजन सरासरी 15 टक्क्यांनी उतरते, हे चाचण्यांत सिद्ध झाले आहे, आणि ज्यांचे वजन जीवावर उठले आहे त्यांच्यासाठी हे औषध मोलाचे आहे. ते घेणाऱ्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही; रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. पेटंटची मुदत संपून ते स्वस्त झाले तरी कोट्यवधी लोकांना आयुष्यभर इंजेक्शन टोचत राहणे हे कोणत्याही देशाचे धोरण असू शकत नाही, विशेषतः जिथे पुढची पिढी आत्ता शाळेत बसून डबा खाते आहे.

त्या शाळांबद्दलचा एक निर्णय महाराष्ट्राने अलीकडे घेतला. 2023 च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे, देण्याचे ठरले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात आणि ब-12 जीवनसत्त्वही, ज्याची कमतरता पुण्याजवळच्या त्या सहा गावांतल्या आयांमध्ये मोठ्या प्रमाणावर सापडली होती. जानेवारी 2025 मध्ये राज्याने या अंड्यांचा वेगळा निधी बंद केला आणि शाळांना लोकवर्गणीतून पैसे उभे करायला सांगितले. ज्या गावांत एवढी वर्गणी सहज जमते, तिथली बरीच मुले घरीही अंडी खात असणार; ज्या पाड्यांवर ती जमत नाही, तिथल्या मुलींना त्याची सर्वाधिक गरज आहे, कारण दहा-बारा वर्षांनी त्यांच्याच पोटी पुढची बाळे वाढणार आहेत. हा निधी परत सुरू व्हायला हवा, आणि अंडी आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा मिळायला हवीत.